दोन इंच खाली

—फोटो कशाला काढताय? नाही, काढा, मी कुठे नको म्हणतोय, गाडीच आहे, त्यात लपवायचं काय — पण आधी विचारावं माणसानं. गॅरेज माझं आहे. आणि काढताय तेही गुडघे टेकून, खालून. इस्त्रीच्या पँटनं ग्रीसमध्ये कुणी गुडघे टेकत नाही साहेब. ज्याला गाडी घ्यायचीय तो टायर बघतो, किती पळाली ते विचारतो. तुम्ही पहिलं विचारलंत काय, तर ‘ही खाली केलीय का?’ तुम्हाला कुणी सांगितलं? विमा कंपनीनं पाठवलंय की आमच्या भावोजींनी? राहू द्या, तुम्ही लोक सांगत नसताच. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो.

हो, केलीय खाली. मीच केली. आमच्या ताईची पोरगी, जनावरांची डॉक्टर, डोंगरातल्या गोठ्यांवर जायचं म्हणून ही उंच मोटरसायकल घेतली, आणि पोरगी केवढी, तर माझ्या खांद्याला. सीटवर बसली की पायाचे अंगठे कसेबसे टेकायचे. म्हणाली, मामा, दोन इंच खाली करून दे, बाकी मी बघते. दिली करून. मागच्या शॉकअपची पट्टी बदलली, पुढचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकवले, पुढून-मागून सारखी — तीस वर्षं काय गोट्या खेळत होतो का मी? स्वतः चालवून बघितली. दोन्ही तळवे जमिनीला टेकल्यावर पोरगी अशी हसली ना — जाऊ दे. कामात खोट नाही. लिहून घ्या हवं तर.

पाय कसा मोडला? ते तिला विचारा. म्हणजे तिलाही नका विचारू, मांडीपर्यंत प्लास्टर आहे अजून. गोठ्यापाशी गाडी लावली, पलीकडच्या बाजूला जाऊन औषधांची पेटी सोडत होती, गाडी आली अंगावर. पळती नव्हे, उभी गाडी. म्हणून तर जो तो म्हणतो, हिला उभी गाडी सांभाळता येईना. भावोजी टपूनच होते — म्हटलं नव्हतं, पोरीच्या जातीला झेपायचं नाही म्हणून? आता बरी झाली की ऑफिसवाले तिला कोठारात बसवणार, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. अडलेली गाय रात्र-दिवस न बघता सोडवणारी पोरगी ती. आणि स्वतःच म्हणते, मामा, स्टँड मीच नीट लावला नसणार. रोज म्हणते. मी काय म्हणतो? मी म्हणतो, होतं असं.

परत स्टँडकडे का बघताय? रंग नवा आहे, बरं मग? गंज होता, मारला रंग. आणि वेल्डिंग असणारच तिथे, गाडी खाली केली की स्टँड कापून आखूड करावाच लागतो — गाडी दोन इंच खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला तर ती कलतच नाही, ताठ उभी राहते, बोट लावलं तरी पलीकडे जाते. शिकाऊ माणसालाही कळतं. मला कळत नव्हतं? कळत होतं की. वेल्डिंगचं मशीन बिघडलं होतं त्या दिवशी, पोरगी घाईत, म्हटलं रविवारी कापू. म्हणजे — तिला नाही म्हटलं. मनात म्हटलं. तिला बोललोच नाही काही. रविवार आला आणि माझ्या डोक्यातूनच गेलं. बुधवारी गाडी टेंपोत घालून आणली इथे, ताईचे फोनवर फोन, आणि मी आधी शटर ओढलं. स्टँड कापला. पोरगी तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर, मामा इकडे रंग वाळायची वाट बघत बसलाय. लाज वाटते हो. घ्या, हेच हवं होतं ना तुम्हाला? घाला तुमच्या कागदात.

काय? बाहेरची ती गाडी — ती तुमची? अशीच, याच कंपनीची? जरा उभे राहा बरं. इकडे या, माझ्याजवळ. तुम्हीही माझ्या खांद्यालाच.

म्हणजे तुम्ही स्वतःची गाडी खाली करून घ्यायला आलात. आणि मघापासून मी — आणि तुम्ही आपले गप्प बसून ऐकताय.

नाही, मी हे काम करत नाही आता. पुलापलीकडे एकजण आहे, चांगला आहे, त्याच्याकडे जा. वाटेत निळ्या फाटकाचं घर लागेल, पोरगी व्हरांड्यात बसलेली असते खुर्ची टाकून. तिला एवढंच सांगा, स्टँड तू बरोबर लावला होतास. कुणी सांगितलं विचारलं तर — नको. काही सांगू नका. थांबूही नका तिथे. उठा, काम बंद आहे आज.