शनिवारचा फळा

रुपराव : वरचं राहू द्या, वहिनी. खालच्या तीन ओळी तेवढ्या पुसा.

बायजाबाई : काहून?

रुपराव : काहून म्हणजे? मी या समाजभवनाचा अध्यक्ष आहो, म्हणून सांगून राहिलो.

बायजाबाई : थांबा मंग. तारीख जवळ हाय म्हणून कालच लिहाले घेतलं, अंधार पडला. 'सोमवार'मधला 'र' राहिला.

रुपराव : मी मजाक करून नाही राहिलो.

बायजाबाई : मी बी नाही. अंगणवाडीतून रिटायर झाली तवापासून दर शनिवारी या फळ्यावर लिहून राहिली. सात वर्षं झाले. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोण गेलं, दवाखान्याची गाडी कवा येते. एकदा लिहिलेलं दुसऱ्या शनिवारपर्यंत कोणी पुसलं नाही. आज काय चुकलं ते सांगा. वाचू? 'सिंधूताईच्या नातवाचं बारसं, उद्या संध्याकाळी.' चुकलं?

रुपराव : नाही.

बायजाबाई : 'मंगळवारी नळ येणार नाही.' 'उद्या सकाळी लेकरं घेऊन अंबाझरी तलावावर जाणाऱ्यांनी आठ वाजता चौकात जमावं. डबा आपापला.'

रुपराव : त्याच्या खालचं.

बायजाबाई : 'आईबाप आणि लेकरं मिळून शिकतील, खेळतील, अशा उपक्रमाले जिल्ह्याच्या कचेरीतून अनुदान आहे. नोंदणी असलेला कोणताबी बचत गट, कोणतंबी मंडळ अर्ज करू शकते. शेवटची तारीख सोमवार.' खोटं हाय काय यातलं काही?

रुपराव : खरं आहे. म्हणूनच पुसा म्हणतो.

बायजाबाई : हे बरं हाय.

रुपराव : ते पत्रक माझ्या नावानं आलं होतं. 'अध्यक्ष, समाजभवन', लिफाफ्यावर लिहिलं आहे. तुमच्या हाती कसं लागलं?

बायजाबाई : खडूसाठी आलमारी उघडली काल. डब्याखाली होतं. वरची तारीख पाहिली, वीस दिवस होऊन गेले होते.

रुपराव : मी लपवलं नाही. मंडळाचा अर्ज बनवून राहिलो होतो. डिसेंबरात मोठा कुटुंब मेळावा घेऊ म्हणलं. मंडप, पाहुणे, लहान्यांना बक्षिसं. वस्तीचं नाव निघंल.

बायजाबाई : एका दिवसाचं.

रुपराव : एक दिवस तर एक दिवस. देखो वहिनी, मले कचेऱ्या माहीत आहेत. एका वस्तीतून एक अर्ज गेला तर साहेब वाचते. पाच गेले तर म्हणते, यांचं आपसातच जमत नाही, आपण कशाले मधात पडा. पाचही बाजूले ठेवते.

बायजाबाई : असं पत्रकात लिहिलं हाय?

रुपराव : असं कोणी लिहिते काय? अनुभवाची गोष्ट आहे. या भवनात नळ कोणी आणला? नऊ महिने कोण चकरा मारत होतं?

बायजाबाई : तुमीच. मी नाही कवा म्हणलं? दोन शनिवार लिहिलं होतं इथं, 'रुपरावभाऊच्या चकरांनी भवनात नळ आला.'

रुपराव : हो. लिहिलं होतं.

बायजाबाई : तवा नाही म्हणले तुमी, पुसा म्हणून.

रुपराव : ते अलग होतं. हे पाहा, मले तुमच्यासंग वाद नाही घालायचा. काल मंडळाची बैठक झाली, ठराव झाला. यापुढं फळ्यावर काय लिहायचं ते आधी कागदावर मले दाखवायचं. मी सही करीन, मंग लिहायचं. कोणाचं बारसं, कोणाचं लग्न, त्याले मी कशाले ना म्हणू? फक्त सरकारी गोष्टी तेवढ्या विचारून.

बायजाबाई : आणि नाही दाखवलं तर?

रुपराव : तर भवनाच्या भिंतीवर फळा राहणार नाही. केशवले अकरा वाजता बोलावलं आहे, पेचकस घेऊन. मले वाटलं, त्याच्या आधी तुमच्यासंग बोलून घ्यावं. तेवढा मान आहे तुमचा.

बायजाबाई : सही करून मी मेलेल्या माणसाची बातमी लिहिणार नाही, आणि सही करून जित्या माणसाच्या कामाची बी लिहिणार नाही.

रुपराव : जिद्द करून राहिले तुमी.

बायजाबाई : हो. करून राहिली.

रुपराव : एका कागदासाठी?

बायजाबाई : तुमाले आठवते, भाऊ, तुमी सचिव होते त्या सालचं? आमची पुष्पलता बारावी पास झाली होती. तवा बी एक कागद आला होता.

रुपराव : कायचं?

बायजाबाई : नर्सिंगचं. फी माफ, होस्टेल माफ. असंच पत्रक आलं होतं भवनात. तुमच्या टेबलाच्या खणात होतं. तारीख गेल्यावर आठ दिवसांनी मले इतवारीत भाजी घेताना दुसऱ्या वस्तीतल्या बाईनं सांगितलं. म्हणे, माझ्या पोरीचं झालं, तुमच्या पुष्पाचं काय झालं? मी तशीच भवनात आली. तुमी खण उघडला, कागद काढला, आणि म्हणले, अरे, राहूनच गेलं.

रुपराव : वहिनी, मी मुद्दाम नाही केलं. रविंद्र माझा दोस्त होता. लकडगंजच्या लाकडाच्या आरामशीनवर बावीस वर्षं आमी एका डब्यातलं खाल्लं. त्याच्या पोरीचं मी वाईट करीन काय?

बायजाबाई : माहीत हाय मले. मुद्दाम केलं असतं तर भांडली असती, मोकळी झाली असती. तुमी विसरले. विसरलेल्या माणसासंग भांडता बी येत नाही.

रुपराव : पुष्पाचं बरं चाललं आहे ना पण? खापरखेड्याले?

बायजाबाई : बरं चाललं हाय. कॉलनीतल्या बायांचे ब्लाउज शिवते. जावई चांगला हाय. ती कवा एक शब्द बोलली नाही मले. मीच पाहते, तिच्या पोरीले ताप आला की ती कशी थर्मामीटर झटकते ते.

रुपराव : आता त्याले काय करता येते?

बायजाबाई : त्याले काही नाही. पण यापुढं या वस्तीत एकबी कागद माहिती नव्हता म्हणून जाणार नाही. भेटंल का नाही भेटंल, ते कचेरीवाले पाहतील. माहीत पडलंच पाहिजे.

गोपिका : मावशी, आहात का? बरं झालं. अरे, मामाजी पण इथंच आहेत.

रुपराव : सूनबाई, तू इकडं काय करून राहिली? चिन्मयी कुठं आहे?

गोपिका : तिच्या बाबांजवळ ठेवली. मावशी, रात्रीच सगळ्या जणींशी बोलले फोनवर. आमच्या बचत गटाचा अर्ज भरला मी आत्ता, नेट कॅफेत. दर रविवारी सकाळी दोन तास, आई किंवा बाप, कोणी तरी एक जण लेकरासोबत येऊन बसायचं. गोष्टी वाचायच्या, खेळायचं, काही बनवायचं. बारा घरांनी नावं दिलीत. एकच कागद राहिला.

रुपराव : कोणता अर्ज? तू कशाले अर्ज भरते? मंडळाचा जाऊन राहिला ना.

गोपिका : मामाजी, काल मावशी इथं लिहीत होत्या, तेव्हा पहिल्या दोन ओळी वाचल्या मी. तशीच त्यांच्या घरी जाऊन पत्रक पाहिलं.

रुपराव : मले विचारलं नाही. घरात एक शब्द बोलली नाही तू.

गोपिका : तुम्हाला वीस दिवसांपासून माहीत होतं. दर संध्याकाळी मी तुम्हाला चहा देते, आणि दर संध्याकाळी म्हणते, या पोट्ट्यांसाठी रविवारचं काही तरी सुरू करायला पाहिजे. तुम्ही पण एक शब्द बोलले नाही.

रुपराव : मी विचार करत होतो. सगळ्या वस्तीचा विचार करावा लागते मले.

गोपिका : म्हणूनच तुमच्याकडं आले. जागेचं संमतीपत्र लागते. रविवारी दोन तास भवनाची खोली वापरायला अध्यक्षांची हरकत नाही, असं. मी लिहून आणलं आहे. खाली सही करा.

रुपराव : नाही.

गोपिका : वाचून तरी घ्या.

रुपराव : वाचायची गरज नाही. एका घरातून दोन अर्ज? लोक काय म्हणतील, सासरा एकीकडं अन् सून दुसरीकडं? तुझ्या बारा बाया मंडळाच्या मेळाव्यात घे. स्टेजवर बसव त्यायले. मी ना म्हणतो काय?

गोपिका : त्यांना स्टेजवर नाही बसायचं, मामाजी. लेकरांजवळ बसायचं आहे.

रुपराव : माझी सही होणार नाही.

गोपिका : बरं. मावशी, जागेच्या रकान्यात दुसरं काय लिहू?

बायजाबाई : माझं आंगण लिही. घर माझ्या नावानं हाय, टॅक्सची पावती हाय. वीस माणसं बसतात आरामात. आमच्या घरच्यांच्या तेराव्याले साठ बसली होती.

रुपराव : उन्हात बसवसाल लेकरायले?

बायजाबाई : कडुनिंब हाय. त्याची सही नाही लागत.

गोपिका : पावती कुठं आहे, मावशी? मला आत्ताच द्या. दुपारी अपलोड करून टाकते, सोमवारी साइट चालली नाही तर पंचाईत.

बायजाबाई : ट्रंकात, लुगड्याखाली. चाल, देते. हे पाहा, केशव आला. ये गा केशव. उभा काहून राहिला? अध्यक्षांनी सांगितलं ते कर. काढ.

रुपराव : केशव, थांब जरा. वहिनी, शेवटचं विचारतो. तीन ओळी पुसल्या तर फळा इथंच राहते.

बायजाबाई : नाही पुसत.

रुपराव : काढ मंग.

बायजाबाई : हळू काढ, केशव, आणि हात पुसून धर. अक्षरं ओली नाहीत, पण खडू हाय. आता भवनात नको नेऊ. माझ्या घरी ने, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीले लाव.

रुपराव : फळा मंडळाचा आहे.

बायजाबाई : भिंत मंडळाची हाय. फळा आमच्या घरच्यांनी बनवला, जायच्या आदल्या साली. फळी तुमच्याच आरामशीनवरून आणली. तुमीच हातगाडीवर चढवू लागले होते, भाऊ.

रुपराव : ने, केशव. घेऊन जा.

(दीड महिन्यानंतर. रविवारची सकाळ, बायजाबाईचं आंगण.)

रुपराव : खरं आहे काय ते? अनुदान मौद्याच्या गटाले गेलं म्हणे.

बायजाबाई : खरं हाय. परवा यादी लागली. काल लिहिलं ना मी फळ्यावर.

रुपराव : तेच वाचून आलो. ना मंडळाचं नाव, ना गोपिकाच्या गटाचं. मी म्हणलंच होतं, पाच अर्ज गेले की...

गोपिका : पाच नाही, आपल्या वस्तीतून तीन गेले, मामाजी. आणि यादीत कारणं दिलीत. मंडळाचा अर्ज एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून बसला नाही. आमच्या गटाला तीन वर्षं पूर्ण नाहीत, म्हणून आमचा; ही अट पत्रकात नव्हती. जास्त अर्ज गेले म्हणून कोणाचा पडला नाही.

रुपराव : असं लिहिलं आहे?

गोपिका : मोबाइलवर आहे. दाखवू?

रुपराव : राहू दे. मंग हे सगळं कोणी दिलं? सतरंज्या, पुस्तकं?

गोपिका : ज्याच्या घरी जे होतं ते. अर्ज टाकला त्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सुरू केलं. उत्तराची वाट पाहत बसलो असतो तर आज रडत बसलो असतो. बारा घरं म्हणली होती, आज एकोणीस आहेत. पुढच्या साली तीन वर्षं पूर्ण होतात. परत भरू.

रुपराव : तो माझा अश्विन आहे ना, तिकडं? पतंगाले शेपटी लावून राहिला.

गोपिका : हो. चिन्मयीनं बसवलं आहे तिच्या बाबांना.

रुपराव : घरी तर जेवतानाबी फोन सोडत नाही तो.

गोपिका : इथं फोन टोपलीत ठेवावा लागते. एकोणीस घरांनी मिळून ठरवलं.

रुपराव : वहिनी, भवनाची खोली रविवारी रिकामीच राहते. ही चावी ठेवा. आता थंडी वाढंल, लेकरं बाहेर कुठं बसतील.

बायजाबाई : चावी राहू द्या तुमच्याजवळ. थंडीत ऊन बरं वाटते.

रुपराव : मी कागदावर सही मागून नाही राहिलो आता.

बायजाबाई : माहीत हाय. पण आज तुमी देसाल, उद्या ठराव होईन. इथून आमाले कोणी उठवत नाही.

रुपराव : ठीक आहे. ती... ती शिलाई मशीनजवळची पुष्पलता आहे काय?

बायजाबाई : तीच. दर रविवारी पहिल्या बसनं येते खापरखेड्याहून, पोरीले घेऊन. पोट्ट्यायले शिवणाचे टाके शिकवते.

रुपराव : केस पांढरे झाले तिचे.

बायजाबाई : झाले थोडे.

रुपराव : वहिनी, त्या सालच्या गोष्टीचं मी काही बोललोच नाही तुमच्यासंग. दीड महिन्यापासून मनात आहे. माझ्याकडून...

बायजाबाई : मले नका सांगू, भाऊ. ते माझं नव्हतं.

रुपराव : तिले काय सांगू? अठरा वर्षांनी?

बायजाबाई : ते मी कसं सांगू. लिहून देऊ काय, आणि सही करसाल?

रुपराव : बरं. जातो तिच्याजवळ. इथूनच जाऊ काय, सतरंजीवरून?

गोपिका : चपला काढा आधी, मामाजी. तिकडं नको. इथं ठेवा, लहान्यांच्या ओळीत.