निळ्या खांबापलीकडे

कालच्या उन्हानं लेकीची पाठ भाजली होती, तरी पोरगी पाण्यातून निघायला तयार नव्हती. म्हणून तिला बाबांजवळ ठेवून आई एकटीच मलम घ्यायला औषधांच्या दुकानात आली होती. रांगेत तिच्यापुढे काठी टेकत उभे असलेले एक म्हातारे आपल्या भावजयीशी बोलत होते.

“भावोजी, गुडघ्यांचं तेल तेवढं विसरू नका.”

“नाही विसरत. सकाळी किनाऱ्यावर जाऊन आलो, वहिनी. आपलं बंदर ओळखू येत नाही.”

“कसं येणार? धक्का पाडला, वाळू ओतली, छत्र्या लावल्या. झालं पर्यटन.”

“दिसतं तसं नसतं. जहाजं वळवायला आम्ही जो खड्डा खोदला, तो आहे तिथंच आहे. त्या निळ्या खांबापलीकडे कमरेएवढं पाणी लागतं, आणि पुढच्या पावलाला तळच नाही.”

“तिथं पाटी होती ना?”

“हॉटेलवाल्यांनी काढली. पाहुणे घाबरतात म्हणे.”

“आपलं कुणी तिकडे फिरकत नाही, हे नशीब.”

“तेच तर वाईट. आपण जात नाही, म्हणून तो तुकडा मोकळा असतो. आणि मोकळा दिसला की पाहुणे नेमके तिथंच उतरतात.”

“आजोबा, तो खांब... दिव्यांची माळ लावलेला?”

“तोच. का गं?”

“मीच ह्यांना म्हटलं, गर्दीत नको, पोरीला तिकडे न्या.”

“वहिनी, काठी धरा,” म्हातारे म्हणाले, आणि पोरीच्या आईआधी तेच पळत सुटले.