दहातले पाच

डॉक्टर : झाले पाच. अजून एखादा शब्द आठवतोय का बघ. घाई नाही.

गोलकीपर : नाही मॅडम. पण सीझनच्या आधी याच चाचणीत पाचच आले होते ना? बरोबरी झाली. आता खेळायची परवानगी द्या, परवा फायनल आहे.

डॉक्टर : जरा दम धर. चेंडू कुठे लागला होता?

गोलकीपर : कानाच्या वर, हेल्मेटवर. लॅक्रॉसमध्ये जाळीच्या काठीने फेकलेला चेंडू रबराचा असला तरी दगडासारखा येतो. आणि तो अडवायलाच तर मला उभं करतात. थोडं गरगरलं, मग ठीक झालं.

डॉक्टर : आई म्हणाली, उजेड सोसवत नाही म्हणून दोन दिवस खोलीचे पडदे उघडू दिले नाहीस.

गोलकीपर : आई ना, राईचा पर्वत करते.

डॉक्टर : बरं. मला एक कोडं सोडवून दे. समोरच्या टीममधली कुठली मुलगी डावीकडून मारते, कुठली वाकून मारते, सगळं तुला तोंडपाठ. वर्गात पहिली येतेस. आणि सीझनच्या आधी, चांगली ठणठणीत असताना, दहा साध्या शब्दांतले पाचच आठवले? तुलाच नाही, तुमच्या अख्ख्या टीमला पाच-सहाच?

गोलकीपर : तुम्ही रागवाल, मॅडम.

डॉक्टर : रागावत नाहीये गं. सांग.

गोलकीपर : कॅप्टन म्हणाली, आधीच कमी सांगून ठेवायचे. म्हणजे पुढे डोक्याला लागलं तरी तेवढे येतातच, कुणी बाहेर बसवत नाही. सगळ्यांनीच केलं, मॅडम.

डॉक्टर : शाब्बास. स्वतःलाच गंडवायला निघालात.

गोलकीपर : पण मी नसले तर माझ्या धाकट्या बहिणीला गोलमध्ये उभं करतील हो. तिने कधी पॅडसुद्धा बांधले नाहीत. तिला लागलं तर?

डॉक्टर : तिला कुणी उभं करणार नाही. तुमच्या कोचला मी आत्ताच फोन लावते, ती काळजी माझी. तू फक्त खरं बोल. तेव्हा खरे किती आठवत होते?

गोलकीपर : दहाच्या दहा. उलटेसुद्धा म्हणून दाखवले असते.

डॉक्टर : आणि आज मुद्दाम किती गाळलेस?

गोलकीपर : आज गाळावेच लागले नाहीत, मॅडम. पाचच आठवत होते.