म्हशीसाठी इटालियन

मंठ्याच्या स्टँडवर वाटूरच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"राजानंद, पायल पोचली का इटलीत?"

"पोचली, अण्णा. कॉलेजनं सहा महिने तिथली भाषा पक्की करायला पाठवलंय."

"घर सुनं वाटत असंल."

"माझं काय न्हाई, म्हशीची पंचाईत झाली. पोरगी धार काढताना तिच्यासंगं इटालियन बोलायची. आता ते ऐकल्याबिगर म्हैस पान्हवत न्हाई."

"मंग?"

"रोज धारंच्या टायमाला पायलला फोन लावतो, म्हशीच्या कानाला धरतो."

"काय बोलत असंल ती?"

"मला कुठं समजतंय. ऐकत बसतो आपलं."

"पण म्हैस तर तू मागच्या बाजारी विकली ना?"

"विकली की. पायलला तेवढं सांगू नका, अण्णा."