हिरवा थर

रूने: पाणी मार आधी, ताई. कोरडं खरवडू नको, धूळ छातीत जाते. विष आहे हे, विष!

सिव: मास्क लावलाय मी. आणि हे विष इतकी वर्षं फासलं कोणी? तू आणि बाबांनी. जुना थर काढायचा कंटाळा, की मार वरून नवीन.

रूने: सगळेच तसं करायचे गं. बोटीच्या बुडाला शेवाळ नको, शिंपले नकोत, म्हणून रंग. चिकटले नाहीत, काम झालं. आता बोट क्लबला एकदम समुद्राची दया आलीय. शनिवारी त्यांचा माणूस यंत्र घेऊन येणार, बुडाला टेकवणार, आणि जुना रंग सापडला की बोट पाण्यात नाही.

सिव: आणि बोट पाण्यात नाही, तर धक्क्यावरची जागा गेली. पाठ आहे मला. खरवड.

रूने: खरवडतोयच की! तू पातं आडवं धर. कोपरा रुतवतेस. फायबरवर ओरखडे पडले ना, तर रंग परवडला म्हणशील.

सिव: लाल, निळा, लाल, निळा. कांदा सोलतोय असं वाटतं.

रूने: बाबांची शिस्त. एक वर्ष लाल, एक वर्ष निळा. निळ्यातून लाल डोकावायला लागला की समजायचं, थर झिजला.

सिव: आणि सगळ्यात खाली हिरवा.

रूने: तो आपला नाही. ज्याच्याकडून बोट घेतली त्याचा. बाबा किती चिडायचे त्या हिरव्यावर! 'बोट म्हणून मला बेडूक विकला', म्हणायचे.

सिव: रूने. इकडे ये जरा.

रूने: आता काय ओरबाडलंस?

सिव: काही नाही. ये तर. पुढे, कण्याजवळ. ती जागा.

रूने: बाबांनी खडकावर आपटवली ती? मीच भरली होती ना. पांढऱ्या पुट्टीने. निघाली की काय?

सिव: तुझी पांढरी मधे आहे, बशीएवढी. तिच्या भोवती बघ. ही करडी पुट्टी कोणाची?

रूने: करडी? मी करडी कधी वापरलीच नाही.

सिव: आणि करडीच्या वर कुठला रंग आहे?

रूने: थांब, पाणी मार. ...हिरवा.

सिव: काय?

रूने: हिरवा! ऐकलंस की एकदा.

सिव: म्हणजे ही दुरुस्ती हिरव्याच्याही आधीची. आपण बोट घेतली त्याच्याही आधीची.

रूने: जुनी पुट्टी असेल. पाणी शिरलं, हिवाळ्यात गोठलं, सुटली. मधला खपला गळून पडला, वरच्या सगळ्या रंगांना घेऊन. होतं तसं. बऱ्याच बोटींचं होतं... ताई, तू जे म्हणतेयस ते म्हणू नको.

सिव: मी काही म्हटलं नाही. बाबा कुठेच आपटले नव्हते.

रूने: म्हटलंस की!

सिव: तेव्हा कडा नाही बघितल्यास?

रूने: पाऊस येत होता. भोक दिसलं, भरलं, वरून लाल मारला.

सिव: मार वरून नवीन.

रूने: हो, मार वरून नवीन! झालं समाधान?

सिव: भोक दिसलं त्या दिवशी बोट क्रेनला लटकत होती. सगळा क्लब उभा. बाबा म्हणाले, 'मी आपटलो असतो तर मला कळलं असतं.' आणि तू काय म्हणालास?

रूने: माहितीय मला काय म्हणालो.

सिव: बोल ना.

रूने: 'तेच तर, बाबा. तुम्हाला कळलंसुद्धा नाही.' बास? आणि बोटीची किल्ली खुंटीवरून कोणी काढली? पर्समध्ये टाकून कोण गेलं?

सिव: मी. बाबा जिन्यापर्यंत आले माझ्या मागे. 'उन्हाळ्यात तरी देशील ना?' म्हणाले. मी म्हटलं, बघू.

रूने: सहा उन्हाळे झाले तुझ्या 'बघू'ला.

सिव: हो. झाले.

रूने: बाबांना सांगायचं नाही हं.

सिव: का?

रूने: काय उपयोग? चौऱ्याऐंशीचे झालेत. डोळे गेल्यात जमा. आणि त्यांनी मानलंय ते. क्लबात कॉफी पिताना स्वतःच सांगतात, 'मी बोट आपटवली, पोरांनी वेळेवर किल्ली काढून घेतली.' सगळे हसतात. राहू दे ना त्यांची गोष्ट.

सिव: ते हसतात?

रूने: लोक हसतात.

सिव: मी बाबांचं विचारलं.

रूने: ...हळू बोल. आलेच बघ.

(एवर्ट, दोघांचे वडील, थर्मास आणि पावाची पिशवी घेऊन, किनाऱ्यावर ओळीने ठेवलेल्या बोटींना एका हाताने चाचपत येतात.)

एवर्ट: ही आपलीच ना रे?

रूने: आपलीच, बाबा. खाली ताडपत्री आहे, पाय जपून टाका.

एवर्ट: वासावरून ओळखली. वेलचीचे पाव आणलेत. हात धुऊन खा, विष असतं हे.

सिव: सकाळपासून तेच ऐकतेय मी.

एवर्ट: कुठवर आलं? हात लावू द्या... वा. गुळगुळीत. कोरी असताना अशीच असेल नाही? आपल्याकडे आली तेव्हा बेडूक होती. ...आणि हे काय? ही माझी जागा ना?

रूने: बाबा, कॉफी घ्या आधी.

एवर्ट: थांब रे. इथे कड लागतेय. पुट्टीची. तिच्यावर रंग आहे. कुठला रंग हा, रूने? मला आता सगळे राखाडीच दिसतात.

सिव: विचारतायत ते, रूने.

एवर्ट: निळा आहे का? लाल?

रूने: हिरवा आहे, बाबा.

एवर्ट: बेडकाचा?

रूने: तोच.

एवर्ट: पुट्टीच्या वर आहे, की पुट्टी त्याच्यावर?

रूने: वर आहे. पुट्टी आधीची आहे, आपल्याही आधीची. तुम्ही कुठेच आपटला नव्हतात. माझं चुकलं, बाबा.

सिव: दोघांचं.

एवर्ट: कॉफी ओत, सिव.

सिव: बाबा, काहीतरी बोला ना. रागवा तरी.

एवर्ट: शोधला गं मी तो खडक. तेव्हा बरं दिसायचं. टेबलावर नकाशा पसरायचा, भिंग घ्यायचं, आणि ग्रोशेर बेटापासून धक्क्यापर्यंत सगळी वाट बोटाने चालायची. अख्खा हिवाळा. कुठे खडक सापडेना. पण पोरं म्हणतायत, दोघंही म्हणतायत. म्हटलं, नकाशाच चुकला असणार. मग बेटाच्या खालच्या अंगाला एक फुली मारली आणि नकाशा रूनेला दिला. त्याला तरी लागू नये.

रूने: ती फुली तुमची? दर वेळी केवढा वळसा घालतो मी तिला!

एवर्ट: बरं केलंस. सुखरूप आलास ना.

रूने: बाबा, शनिवारी बोट उतरली की सुकाणू तुम्ही धरायचं. मी शेजारी बसतो. तुमची तुम्ही न्या.

एवर्ट: नको रे बाळा. तेव्हा दिसत होतं.

सिव: बाबा...

एवर्ट: पाव खा, गार होतायत. आणि रूने, ती फुली खोडून टाक. साध्या रबराने जाईल. हलक्या हातानेच काढली होती मी.