आठ सेकंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या एल्क फोर्क कॉलेजचे प्राचार्य डॉ. व्हिटमायर, व्यासपीठावरचे मान्यवर विश्वस्त, सत्कारमूर्ती कोच व्हर्लिन स्टकी, त्यांच्या पत्नी नोर्मा, कोचचे आजी-माजी खेळाडू आणि शेतातली कामं आटोपून या व्यायामशाळेत जमलेले माझे गावकरी,

मी लोरेटा क्लाइन. बेचाळीस वर्षं सामन्याच्या टेबलाशी बसून गुणवही लिहिली, त्यामुळे हात चालतो, जीभ तेवढी चालत नाही. आज कोचना अहोजाहो करायचं, असं नोर्माने बजावलंय. एरवी आमचं अरेतुरेच असतं.

बास्केटबॉलमधले कोचचे पाचशे अकरा विजय प्राचार्यांनी वाचून दाखवले. मध्ये दोन हिवाळे ते मोठ्या शहरातल्या व्यावसायिक संघाकडे गेले होते, ते मात्र एका वाक्यात उरकलं. मला तिथेच थोडं थांबायचंय.

सत्याऐंशी सालचा फेब्रुवारी. घरच्या मैदानावरचा हंगामातला शेवटचा सामना. आपली रीत काय आहे, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. चौथ्या वर्षाची मुलं आईवडिलांचा हात धरून मैदानात येतात, आईला फूल देतात आणि त्या दिवशी सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचात उतरतात. मग चार वर्षं बाकावर बसलेला का असेना.

त्या वर्षी असा एकच होता, डेल्बर्ट योडर. चार वर्षांत मैदानावर मोजून अकरा मिनिटं. पण सरावाला एक दिवस चुकला नाही. पहाटे गाई पिळून यायचा, केसांना गोठ्याचा वास असायचा, आणि पोरं त्यावरून त्याला छळायची. त्या संध्याकाळी त्याच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्याला गाई पिळायला सांगितलं होतं. आई इर्मा नवा निळा झगा घालून आली होती, तिला डेल्बर्टने फूल दिलं. मी वहीत डेल्बर्टच्या नावापुढे पहिल्या पाचाची फुली मारली.

तेवढ्यात कोणीतरी कोचच्या कानात सांगितलं, की व्यावसायिक संघाचा माणूस कोचनाच पारखायला आज सामना बघायला येतोय.

नियम असा, की सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरली की पहिले पाच ठरले. त्यानंतर फुली हलवली तर समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो, म्हणजे बास्केटवर दोन फुकटच्या फेका. कोच टेबलापाशी आले. म्हणाले, "लोरेटा, डेल्बर्टला काढ. वेळ आहे ना अजून?"

मी म्हटलं, "आहे."

डेल्बर्टने जाकीट काढलं होतं. नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. त्याने जाकीट पुन्हा घातलं आणि सगळी बटणं एकेक करून लावली. इर्मा कॅमेरा डोळ्याला लावून उभीच होती. तिला खाली बसायला कोण सांगणार?

आपण एकोणीस गुणांनी जिंकलो. शेवटच्या दोन मिनिटांत कोचनी त्याला हाक मारली. तो जागचा हलला नाही. अगदी नम्रपणे म्हणाला, "राहू द्या कोच. खेळतायत त्यांना खेळू द्या."

आणि तो मोठ्या शहरातला माणूस? रस्त्यावर बर्फ होतं. तो पोचला मध्यंतरानंतर. पहिले पाच कोण होते, हे त्याने पाहिलंच नाही.

कोच गेले, आणि तिसऱ्या हिवाळ्यात परत आले. तिकडच्या तगड्या गड्यांनी त्यांचं ऐकलं नाही, एवढंच ते सांगतात. त्यानंतर त्यांनी ही रीत एकदाही मोडली नाही. पण डेल्बर्टचा विषय निघाला की एकच वाक्य म्हणतात, "वाईट झालं, पण नियमात होतं. वेळ संपली असती तर मी हात लावला नसता." बावीस वर्षं मी हे ऐकतेय आणि मान डोलावतेय.

पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची डेल्बर्टची आहे. निमंत्रण मी स्वतः नेऊन दिलं. इर्मा आता नाही. तिचं फूल बायबलमध्ये दाबून ठेवलेलं त्याने मला दाखवलं, कॉफी पाजली आणि म्हणाला, "लोरेटाकाकू, कोचना माझा नमस्कार सांगा. संध्याकाळी गाई पिळायच्या असतात, दुसरं कोणी नाही."

व्हर्लिन, नोर्मा रागावली तरी चालेल, हे मी तुला अरेतुरेतच सांगणार. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं होतं. सामन्याला नऊ मिनिटं बावन्न सेकंद उरले होते. वेळ संपून आठ सेकंद झाले होते. पंच माझ्या शब्दावर चालायचे, आणि तूही. आपल्या गावचा माणूस मोठा व्हावा असं मला फार वाटत होतं, म्हणून मी खोटं बोलले. मी "नाही" म्हटलं असतं तर तू गुपचूप मागे फिरला असतास, मला ठाऊक आहे.

प्राचार्यांनी बोलायची संधी दिली, चर्चच्या बायकांनी नूडल्स रांधल्या, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हातारीला पदरात घ्या. त्या आठ सेकंदांची माफी मात्र मी इथे मागत नाही. ती उद्या सकाळी डेल्बर्टच्या गोठ्यात जाऊन मागायची आहे. व्हर्लिन, गाडी तू चालव.