लेलंडच्या दाबलेल्या गोळ्या

—अहो बसा की, या नेमबाजीच्या मैदानातलं टेबल काय माझ्या बापाचं आहे? फक्त त्या पिशवीवर कोपर टेकू नका, आत वाळू आहे, रायफल टेकवायला थोपटून थोपटून आकारात आणलीय. रायफल माझी नाही, लेलंडची. लेलंड ओक्स, माझा शेजारी — शेजारी म्हणजे आपल्या मॉन्टानात असतो तसा, मध्ये दोन टेकड्या नि एक ओढा. सगळा जन्म लेथवर लोखंड कातण्यात गेला त्याचा. बायको नाही, मलाही नवरा उरला नाही, म्हणून रविवारी चर्च सुटलं की माझ्याकडे जेवतो. जेवतोच फक्त. हसू नका.

तर त्यानं काय केलं — एका लिलावात बादलीभर जुन्या गोळ्या उचलल्या. अख्खी काडतुसं नव्हेत हो, पुढे बसवतात त्या नुसत्या गोळ्या. घरी आणून बघतो तर त्याच्या रायफलीला केसभर जाड! दुसरा असता तर कपाळ बडवून बसला असता. यानं पोलादाची कडी कातली, एकेक गोळी तिच्यातून दाबून काढली, बारीक केली, काडतुसं भरली, आणि गावभर सांगत सुटला की दुकानातली गोळी माझ्या गोळीपुढे झक मारते. आता मीही घरीच काडतुसं भरते, मला विचाराल तर दाबलेल्या गोळीचा भरवसा नाही. का? आतलं शिसं मऊ, दबलं की दबून राहतं — वरचं तांब्याचं कवच मात्र पुन्हा जरासं फुगतं. मग शिसं आत सैल, नि गोळी उडाली की डुलत जाते, कुठं लागेल नेम नाही.

आणि झालंही तसंच. यंदा लेलंडनं हरणावर नेम धरला नि स्वतःच्याच कुंपणाचा खांब फोडला. हरीण आपलं चरतंय! मला वाटलं, आता वाऱ्याला शिव्या घालेल. तर म्हणतो कसा, "आर्डिथ, गोळ्याच खराब. माझंच काम चुकलं." लेलंड असं म्हणतो? अहो, यानं बसवलेली बिजागरी कुरकुरली तर हा दाराला दोष देणारा माणूस! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याच दुपारी त्यानं कॉफी ओतली — कपाच्या शेजारी. माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर, गप्पा मारत, ओततोय ओततोय. मी फडकं टाकलं. मोतीबिंदू, दुसरं काय? माझ्या बहिणीला झाला होता, डॉक्टरनं चुटकीसरशी काढला. पण डॉक्टरचं नाव काढलं की हा घरी पळायला टोपी शोधायला लागतो. आणि गाडी चालवतो वर! परवा शाळेची बस याला चुकवताना खड्ड्यात जायची राहिली.

मग मी पैज मारली. म्हटलं, "लेलंड, गोळ्या तुझ्या, रायफल तुझी, नेम माझा. कागदावर भोकं पांगली तर गोळ्या खराब, डोळ्यांबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. एका जागी बसली तर गोळ्या चांगल्या — मग मुकाट्यानं माझ्या गाडीत बसायचं, नि बिलिंग्ज शहरात डॉक्टरला डोळे दाखवायला यायचं." वाटलं, वाद घालेल. तर लगेच "बरं" म्हणाला! काडतुसांचा खोका स्वतः आणून दिला.

जरा जवळ या. मी लबाडी करणार होते. हे कोटाच्या खिशातलं बघा — दुकानातल्या गोळ्या घालून मीच भरलीत. तो यायच्या आत त्याची मारून बघायची, पांगली तर खोक्यात माझी सरकवायची. पाप कसलं? माणसाला दिसायला लागणार असेल तर देवही कानाडोळा करतो. पण गरजच पडली नाही! तो कागद बघा, पाचही भोकं एका कपाखाली झाकतील. म्हाताऱ्याचं काम सोनं आहे हो, मीच मेली शंका घेत—

काय म्हणालात? लेलंडच्या खोक्यातल्या गोळीवर पट्टा नाही? हो, कडीतून दाबली की गोळीच्या पोटावर चकचकीत पट्टा उमटतो, ते मला नका शिकवू — थांबा. द्या इकडे तो खोका. चष्मा कुठं गेला माझा... हं. यावर नाही. यावरही नाही. एकावरही नाही!

अरे लबाडा! दुकानातल्या आहेत या. यानंच बदलल्या — स्वतः हरायला! "आर्डिथ, मला दिसत नाही, भीती वाटते, घेऊन चल" एवढं म्हणताना जीभ झडली असती का याची? आणि मी खुळी, आठवडाभर झोप नाही मला, माडीवरची खोली झाडून ठेवली, जाड पडदे लावले — ऑपरेशन झाल्यावर डोळ्यांत थेंब घालायला कुणीतरी नको का? त्याला अजून विचारलंसुद्धा नाही, तोवर उश्यासुद्धा नव्या— हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? रडत नाहीये हो, धूर गेला डोळ्यांत.

ती धूळ दिसतेय? त्याचीच गाडी. उठा, उठा! ते काडतूस खाली ठेवा, तुम्ही पट्टा पाहिला नाही, मी पाहिला नाही. मला आता तोंड सरळ ठेवून त्याला सांगायचंय, की लेलंड, तुझ्या गोळ्यांना जगात तोड नाही. आणि तुम्ही इथं असे दात काढत बसलात तर मला जमायचं नाही. जा तुमच्या टेबलावर. जा म्हणते ना!